तोंडात पाण्याचा घोट

तळोजा, आपला गाळा
रविवार, दुपार

प्रिय रुतिका,

आधी ऊठ, पाण्याचा एक घोट तोंडात धर आणि मग पुढे वाच. गिळायचा नाही. धर्मराज सरांनी वर्गात धरायला लावला होता तस्सा. मला ठाऊक आहे, चार ओळी वाचल्या की तू फोन उचलशील आणि मी काय लिहिलंय ते मलाच सांगायला लागशील. म्हणून तर पत्र लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हल्ली नुसता अंगठा पाठवतेस. झाकणांची खोकी आली, अंगठा. चंदामावशींचा गुडघा दुखतोय, लवकर घरी पाठवलंय, अंगठा. परवा माझ्या हातून चुकून नुसतं एक टिंब गेलं, तर त्यालाही तुझा अंगठा आला. त्या अंगठ्याचा मला इतका वीट आलाय की काय सांगू.

आज सुट्टी आहे, गाळ्यावर मी एकटीच. घरी बसवेना म्हणून मेट्रोने पेंधरपर्यंत आले, पुढे रिक्षा केली, शटर अर्धं वर केलं आणि आत येऊन बसले. बसले म्हणजे काय, बसतेय आणि उठतेय. मघाशी कारण नसताना भट्टीचा गॅस बंद आहे का ते बघून आले. मग जवळ्याची पिंपं सरळ ओळीत लावली. मग वाटलं, पंख्याचा आवाज फार होतोय, तो बंद केला. आता घाम येतोय. शेजारच्या केमिकलवाल्यांची चिमणी आज थंड आहे, त्यामुळे आपल्याच मालाचा वास गाळाभर पसरलाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, आज आपला नंबर.

अरविंदभाऊंचा फोन आला होता, हे तुला माहीत असेलच, कारण तूच त्यांना सांगितलंस. आठ वर्षं आपला हिशेब बघणारा माणूस, पण इतका अवघडून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, रुतिकाताईंना भागीदारीतून बाहेर पडायचंय, मी कागद करायला घेतलेत, येत्या आठवड्यात दोघींच्या सह्या लागतील. मी विचारलं, कारण काय सांगितलं तिने? तर म्हणाले, काही नाही, एवढंच म्हणाल्या की मंजूला मोकळं करायचंय. मोकळं. जणू मी तुझ्या दावणीला बांधलेली म्हैस आहे. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कांदा भाजताना दोनदा जाळला. घरी सगळे म्हणतात, उलव्यात नव्या घरी राहायला गेली, नणंदेबरोबर खानावळ काढणार असेल, तू कशाला जीव जाळतेस. काढ ना खानावळ. पण मला न सांगता?

तुला ते वाशीचं प्रदर्शन आठवतं का, बचत गटांचं? मला सारखं तेच आठवतंय. माझ्या टेबलावर कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्या, साताऱ्याहून आत्याने पाठवलेल्या मिरचीचा, आणि मी त्यांच्यामागे तोंड शिवल्यासारखी उभी. शेजारी तू, सुक्या मासळीचा ढीग मांडून. तुझ्या बोंबील-जवळ्याच्या वासाने माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून पुढे सरकत होती. मी संयोजकांकडे तक्रार करायला निघाले आणि तू माझा हात धरलास. काही न विचारता माझी एक बरणी उघडलीस, मूठभर जवळा तव्यावर टाकलास, त्यात माझा मसाला घातलास आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक दिलीस. संध्याकाळी माझं टेबल रिकामं होतं. मी म्हटलं, मला असं ओरडता येत नाही. तू म्हणालीस, "तू रांध. बोलायला मी हाय ना."

मी हाय ना. या तीन शब्दांवर आपला धंदा उभा राहिला, रुतिका. साताऱ्याचं तिखट आणि दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं जाळं, म्हणून आपली जवळ्याची चटणी 'तिखटजाळ'. नावही तुलाच सुचलं, मी फक्त जाळं आणि जाळ यांवर हसले. मी भट्टीपाशी, तू दुकानादुकानांतून. दुकानदार मला काही विचारायचा, मी सुरुवात करायचे आणि मध्येच अडायचे. तशी मी लहानपणापासून अडते. आमचे आप्पा मसाला मार्केटला माथाडी. दिवसभर पोती वाहून आणि आरडाओरडा ऐकून घरी यायचे तेव्हा त्यांना कुणाचा शब्द सहन व्हायचा नाही. घरात बोलायचं ते अर्धंच. उरलेलं आईने डोळ्यांवरून ओळखायचं. लग्नानंतर ते डोळ्यांवरून ओळखणारंही कुणी राहिलं नाही, आणि मग तू आलीस. माझ्या अर्ध्या वाक्याचं शेपूट तू इतक्या सहज पकडायचीस की मला वाटायचं, देवाने मला अर्धी जीभ दिली आणि उरलेली अर्धी दिवाळ्याला जन्माला घातली. दुकानदार म्हणायचा, फार वास येतो हो. मी म्हणायचे, वास येतो, पण... आणि तू लगेच, "पन ताटात पडला का भात कमी पडतो!" तो हसायचा, चार बरण्या ठेवून घ्यायचा. या एका वाक्यावर आपण पनवेलपासून ऐरोलीपर्यंत माल विकला.

मग विमानतळ सुरू झाला आणि तुझ्या डोक्यात ते भूत शिरलं. तिथे दुकानं चालवणारी कंपनी इथल्या मातीतल्या वस्तू शोधतेय, असं तू कुठूनतरी ऐकून आलीस. आपल्याला सादरीकरण शिकायला हवं, मार्केटिंग शिकायला हवं, उद्योजक संघटनेने वाशीला वर्ग काढलाय, चार शनिवार, चल. मी आले. मला त्या वातानुकूलित हॉलमध्ये पहिल्याच दिवशी गुदमरायला झालं. वीस-पंचवीस माणसं, कुणी नळाची जोडणी बनवतंय, कुणी खोकी, कुणी लग्नाच्या पत्रिका, आणि सगळ्यांना धर्मराज सर सांगतायत की खांदे मागे घ्या, डोळ्यांत बघा, हसा. सर माणूस वाईट नाही. 'एका वेळी एकाच माणसाशी बोला, हॉलशी बोलू नका' हे त्यांचं सांगणं मला अजून उपयोगी पडतंय. पण ते 'वास' म्हणू नका, 'सुगंध' म्हणा, तिथे मात्र माझं डोकं सणकलं. जवळ्याला सुगंध म्हणणारा माणूस एकतर जवळा खात नाही किंवा त्याला नाक नाही. मी तुझ्या कानात हे म्हटलं आणि तू ते वर्गाला मोठ्याने सांगितलंस. सगळे हसले. तेव्हाही वाक्य माझं आणि हशा तुझा.

थांब, बाहेर कुणीतरी शटर वाजवतंय.

पहारेकरी होता. म्हणाला, रविवारी कसं काय, टेन्शन आहे का काही? मी म्हटलं, आहे. तो गेला.

तो पाण्याचा खेळ तुला आठवतोय का? तिसऱ्या शनिवारी. जोड्या लावून एकाने दोन मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं. तू माझ्यासमोर बसलीस आणि माझ्या दुसऱ्याच वाक्याला शेपूट जोडलंस. सरांनी टोकलं. पुन्हा जोडलंस. मग सर वैतागून म्हणाले, ताई, पाण्याचा घोट धरा तोंडात, बघू कशा बोलता. तू धरलास, मी तोंड उघडलं आणि तुला इतकं हसू फुटलं की सगळा फवारा सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर. दुसऱ्या घोटाला मात्र तू नीट बसलीस. मी काय बोलत होते ते मला नीट आठवत नव्हतं, पण गेले दोन दिवस आठवतंय. मी दुकानदारांबद्दल बोलत होते. म्हटलं होतं, मला बोलता येत नाही असं नाही. मी थांबते तेव्हा माझं संपलेलं नसतं. मी पुढचं शोधत असते. पण तोवर कुणी थांबत नाही. एवढं म्हणून मी तुझ्याकडे बघितलं, तर तुझे गाल फुगलेले आणि डोळे भरलेले. मला वाटलं, पाणी नाकात गेलं असणार.

मी ते तुला म्हटलं नव्हतं गं. शपथ.

मग तो शेवटचा शनिवार. त्या कंपनीची माणसं ऐकायला येणार होती. आदल्या दिवशी तू म्हणालीस, दोघी जाऊ मंचावर. मी म्हटलं, तूच जा, मी बरण्या आणि चमचे सांभाळते. हे मी म्हटलं, मला मान्य आहे, त्याबद्दल तू मला ऐकवायचं नाहीस. सरांनी तुला बाजूला घेऊन तयारी करून घेतली होती. आम्ही-आम्ही म्हणू नका, ऐकणाऱ्याला कळत नाही कोण ते. मी म्हणा, जबाबदारी घ्या. आणि तू मंचावर गेलीस आणि म्हणालीस, मी हा मसाला बनवला. माझी चव. माझा ब्रँड. माझं स्वप्न. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर चमच्यांचं खोकं, बोटांना अजून कांद्याचा वास. तुझं प्रत्येक 'मी' ऐकून मला वाटत होतं, कुणीतरी माझी खुर्ची हळूहळू मागे ओढतंय. तुझ्या घरी आलेल्या पाहुण्यांनी तुझं ताट उचलून नेलं आणि तुला हसून बघत राहायला सांगितलं, तर कसं वाटेल, तसं. टाळ्या फार पडल्या. त्या कंपनीच्या बाईंनी उठून तुझं कार्ड घेतलं.

खाली रिक्षाच्या रांगेत उभ्या असताना मी तुला जे म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय, आणि तुलाही आठवत असणार. "सगळं तूच केलंस, तर मी कशाला आहे मग?" आठ वर्षांत पहिल्यांदा माझं एक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच तोंडून पूर्ण बाहेर पडलं, आणि ते हे. मला तर अजून भांडायचं होतं. तू रडली असतीस, ओरडली असतीस, सरांवर ढकललं असतंस, तर मी शांत झाले असते. तू रिक्षात बसलीस आणि गेलीस. सोमवारी तुझा मेसेज आला: तुझं बरोबर आहे मंजू, मी आता बाजूला होते. तेवढंच. त्यानंतर अंगठे.

मला वाटलं, रुसलीय. चार दिवस रुसेल आणि पाचव्या दिवशी गाळ्यावर येऊन माझ्या डब्यातली भाकरी खाईल. तू आली नाहीस. चंदामावशी मात्र रोज येतात, हे तुझ्या आईचं मला कौतुक वाटतं. दिवाळ्याहून येतात, पाटावर बसतात, जवळा निवडतात, तुझं नाव काढत नाहीत. एकदाच, सूप आपटत म्हणाल्या, "दोगी पन येड्याच." मी विचारलं, मावशी, ती काय म्हणते? तर म्हणाल्या, ती काही म्हणत नाही तेच तर, तिच्या घरात रेडिओ बंद पडल्यासारखं झालंय. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तिचीही झोप उडालीय.

आणि मग त्या बाईंचा फोन आला. संघप्रिया मॅडम. तुला नाही, मला. शुक्रवारी बेलापूरच्या ऑफिसला या, तुम्हीच या, म्हणाल्या. रुतिका, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. आलं की बघ, टाळ्या तुला आणि बोलावणं मला. तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं. तू मंचावर जसं 'मी, मी' केलंस तसंच मीही करणार होते. घरी आरशासमोर उभी राहून पाठ केलं. मी हा धंदा सुरू केला. मी ही चव शोधली. मी... आणि दर वेळी तिथेच अडायचे. तव्यावर मूठभर जवळा टाकणारा हात आठवायचा, आणि तो माझा नव्हता. मग मी चिडून पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. माझी मुलगी राजेश्वरी दारातून म्हणाली, आई, तू भांडतेयस का पाठ करतेयस? मलाच कळत नव्हतं.

शुक्रवारी मी गेले. काचेची इमारत, दहावा मजला, खिडकीतून खाडी आणि पलीकडे तुझं उलवं. एक विमान तुमच्या इमारतींवरून इतकं खाली गेलं की वाटलं, तुझी वाळत घातलेली साडीच घेऊन जाईल. संघप्रिया मॅडम तरुण आहेत, आपल्यापेक्षा बऱ्याच लहान. बाजूला एक साहेब घड्याळ बघत बसलेले. मी बरणी ठेवली. सरांचं ऐकलं, एकाच माणसाशी बोलायचं, म्हणून मॅडमकडेच बघून बोलले. माल कुठून येतो, किती दिवस टिकतो, कांदा कसा भाजतो, ते सगळं जमलं, कारण ते माझंच आहे. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आमचं दुकान बंदिस्त आहे, लोक बॅगा घेऊन येतात-जातात, या मालाचा वास येतो, त्याचं काय?

मी म्हटलं, वास येतो, पण...

आणि मी थांबले. सवयीने. तुझ्यासाठी थांबले. अगदी मान वळवून डावीकडे बघितलं, तू नेहमी बसतेस त्या बाजूला. तिथे रिकामी खुर्ची आणि माझी पर्स. तुझं भाताचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते माझ्या तोंडी खोटं वाटलं असतं, आणि विमानतळावर कुणाच्या ताटात भात? साहेबांनी तोंड उघडलं. मॅडमनी त्यांच्या मनगटावर नुसतं बोट ठेवलं. ते गप्प झाले. कुणीच काही बोलेना. मला कुणी घाई करत नव्हतं, कुणी मान हलवून 'हं, पुढे' म्हणत नव्हतं, कुणी कीव आल्यासारखं हसतही नव्हतं. अशी शांतता मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. मी घाबरले, मग घाबरून संपलं, आणि मग मला तुझा भाऊ निकेश आठवला. जहाजावर निघाला की चंदामावशी त्याच्या बॅगेत चटणी भरतात, तीन-तीन पिशव्यांत बांधून, आणि तरी कपड्यांना वास लागतो म्हणून तो कुरकुरतो. आणि मागच्या खेपेला आपल्याकडे येऊन तो काय म्हणाला होता? की समुद्रात फार दिवस झाले की मी ती खात नाही, संपेल म्हणून. नुसतं झाकण उघडतो आणि परत लावतो.

मी म्हटलं, "वास येतो, पण घर सोडून लांब जाणाऱ्याला तोच तर बरोबर न्यायचा असतो."

मॅडमनी बरणी ओढली, झाकण उघडलं, नाकाशी धरली आणि जरा जास्तच वेळ धरली. मग साहेबांकडे दिली. साहेबांनी घड्याळ बघायचं थांबवलं. म्हणाल्या, हे वाक्य आम्ही फळीच्या वर पाटीवर लिहिलं तर चालेल का? सुरुवातीला एक फळी मिळणार आहे आपल्याला, पुढच्या महिन्यापासून. लगेच उड्या मारू नकोस, घोट सांभाळ. अजून मुख्य सांगायचं राहिलंय.

त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, तुम्ही मलाच का बोलावलंत, त्या दिवशी तर रुतिका बोलली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांनीच तर फोन केला होता. म्हणाल्या की मंचावर मी चुकीचं बोलले, चव माझी नाही, मंजुषाची आहे, तिला बोलवा. आणि वर एक अट घातली. ती अट मॅडमनी मला तुझ्याच शब्दांत सांगितली, तुझा हेल काढायचा प्रयत्न करत. "ती बोलता बोलता थांबंल. तवा तुमी काय बोलू नका. तिचं पुढचं वाक्य एक नंबर असतं."

लिफ्ट आली आणि गेली. मला आत शिरायचं सुचलंच नाही.

म्हणजे तो घोट धरून तू सगळं ऐकलंस. मी जे दुकानदारांबद्दल म्हटलं ते तू स्वतःवर घेतलंस, घरी नेलंस, आणि त्यावर तोडगाही काढलास, अरविंदभाऊंना सांगून. मंजूला मोकळं करायचं. म्हणून हे पत्र, रुतिका. अरविंदभाऊंना मी काल सांगितलंय, कागद करू नका, मी सही करणार नाही. तू बाजूला झालीस म्हणून मला बोलता आलं, हे खरं आहे, आणि ते मी कबूल करते. पण बोलून बाहेर पडले, लिफ्टसमोर उभी राहिले, तेव्हा हे सगळं सांगायला बाजूला कुणी नव्हतं. फळी मिळाल्याचा आनंद कुणाबरोबर करायचा तेच कळेना. शेवटी रिक्षावाल्याला सांगितलं, तो म्हणाला, अच्छा. मला तू बाजूला झालेली नकोस. मला तू बाजूला हवी आहेस, डावीकडच्या खुर्चीत. माझं वाक्य तोडलंस तर मी तुला चिमटा काढीन, पण तिथे बस. मंगळवारी मॅडम गाळा बघायला येतायत. मी त्यांना सांगितलंय की आम्ही दोघी असू. तू उलव्यातून निघताना घाबरशील, मंजूसमोर काय बोलू, कुठून सुरुवात करू, असं होईल. होऊ दे. तू अर्धंच बोल. उरलेलं मी बघते, मी हाय ना.

आता गिळ ते पाणी. आणि बोल.

तुझीच, भांडायलाही तुझीच,
मंजू